पडलेल्या पिल्लाला काय भरवावं?



मंचरच्या एका वाचक भगिनीचं पत्र परवा माझ्या हाती आलं. आत वहीच्या पानावर घाईघाईनं लिहिलेल्या आठ-दहा ओळी होत्या. वळवाच्या पावसात त्यांच्या दारच्या जास्वंदीवरचं बुलबुलाचं घरटं खाली आलं. दोन पिल्लं सापडली. त्यांनी ती घरात आणली, बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवली आणि बोळ्यानं दूध पाजायला सुरुवात केली. एक पिल्लू रात्रीच गेलं. "दुसरं चोच वासून सारखं ओरडतं आहे. त्याला काय भरवू ते लगेच कळवा," असं त्यांनी लिहिलंय आणि 'लगेच'खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

पत्रावरची तारीख बारा दिवसांपूर्वीची. म्हणजे त्या पिल्लाचं जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं असणार. तरीसुद्धा उत्तर लिहिते आहे. एक तर चैत्रापासून श्रावणापर्यंत कुणा ना कुणाच्या अंगणात असं पिल्लू पडतंच. आणि दुसरं कारण म्हणजे, ह्या बाईंनी जे केलं ते सगळं मीही एकदा केलेलं आहे.

आमचं घर जुन्नरच्या जुन्या वस्तीत. मागं बरंसं परस आहे. विहीर, पेरू, कडीपत्ता आणि न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेला जुईचा मांडव. सात वर्षांपूर्वी त्या मांडवात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. काड्या-मुळ्यांची एवढीशी वाटी आणि तिच्यात गुलाबी अंगाची, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. एके दिवशी दुपारी कपडे वाळत घालायला गेले, तर खाली फरशीवर एक पिल्लू. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिनं ते ओंजळीत घेतलं आणि माझ्याकडे अशी काही पाहत राहिली, की मी हातातलं सगळं काम टाकलं.

दूध कोमट केलं, साखर घातली. माळ्यावरून मुलीचं लहानपणीचं बोंडलं काढलं. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पाखराच्या आईला कुठं दूध असतं?" बी. ए. झालेल्या, शाळेत मुलांना शिकवणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. आणि खरं सांगू का? सांगूनही मी ऐकलं नाही. काहीतरी करायला तर हवं, हेच डोक्यात होतं.

पिल्लू रात्री दहाच्या सुमारास गेलं.

पण जी गोष्ट मला अजून बोचते ती पुढचीच. सकाळी परसात गेले तर बुलबुलाचं जोडपं घरट्यातल्या उरलेल्या दोघांना भरवत होतं. एक जातंय, एक येतंय, चोचीत हिरवी अळी. आदल्या दुपारीही ती दोघं तिथंच असणार. मी पिल्लू उचलून घरात नेलं, दार लावलं आणि मग त्याला 'अनाथ' म्हणून दूध पाजत बसले. आईबाप पाच हातांवर चारा घेऊन हजर होते. मीच त्यांच्यामधलं दार लावलं होतं.

म्हणून मंचरच्या भगिनींनी विचारलं आहे, काय भरवू? तर त्याचं पहिलं उत्तर आहे, काही नाही. भरवणारे बहुतेक वेळा जवळपासच असतात.

दूध का नको?

दुधातली साखर पचवण्याची सोय पाखरांच्या पोटात नसते. शिवाय पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. बोळ्यानं किंवा ड्रॉपरनं थेंब टाकला, की तो पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जाण्याची भीती. मग ते दूध असो की साधं पाणी. लहान पिल्लांना त्यांचं पाणी चाऱ्यातूनच मिळतं, वेगळं पाजावं लागत नाही. पाव, बिस्कीट, दूधभात, वरणाचं पाणी हेही नको. अंग गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पचत नाही. त्याला आधी ऊब हवी, घास नंतर.

मग आई काय भरवते? अळ्या, नाकतोडे, कोळी, किडे. चिमणीसारखी एरवी दाणे टिपणारी पाखरंसुद्धा पिल्लांना लहानपणी किडेच आणून घालतात. आणि हे काम दिवसातून दोन-चारदा नव्हे, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर थोड्या मिनिटांनी चालू असतं. कुकर लावून, डबे भरून, शाळा-ऑफिस सांभाळून आपल्याला ते कसं जमणार? आपल्या घरातली सर्वांत मायाळू बाईदेखील बुलबुलाच्या साध्या आईची बरोबरी करू शकत नाही.

मग करायचं काय?

आधी दोन मिनिटं नुसतं पाहावं. पिल्लू नागवं आहे की पंख फुटलेलं?

नागवं किंवा नुसती कोंब आलेली पिसं असतील, तर त्याची जागा घरट्यात. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल, तर पिल्लू अलगद उचलून परत ठेवावं. गार लागत असेल तर आधी ओंजळीत धरून ऊब द्यावी. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. ते खरं नाही. एवढी खपून वाढवलेली पिल्लं ही पाखरं हाताच्या वासानं सोडून देत नाहीत. मात्र घरटं बांधताना किंवा अंडी असताना आपण सारखं डोकावू लागलो, तर जोडी घरटं सोडून जाऊ शकते. म्हणून पिल्लू ठेवलं की लगेच लांब व्हावं.

घरटं मोडून पडलं असेल, तर नवं करून द्यावं. फार कठीण नाही. लहान दुरडी किंवा परडी घ्यावी. पावसाचं पाणी निघून जाईल अशी तिची वीण असावी. तळाशी वाळलेलं गवत आणि पडलेल्या घरट्यातल्या काड्या घालाव्यात. कापूस किंवा लोकरीचे धागे नकोत, पिल्लांची नखं त्यांत अडकतात. परडी सुतळीनं त्याच झाडाला, जुन्या जागेच्या शक्य तितकी जवळ, पानांच्या सावलीत घट्ट बांधावी. आमच्या घरी जुनं शिंकाळं होतं. ताक-लोण्याचे दिवस गेल्यापासून ते खुंटीवर नुसतंच लोंबत होतं. गेल्या वर्षी त्याच शिंकाळ्यात परडी बसवून मी शेजारच्या घरची दोन पिल्लं पेरूला टांगली.

मग घरात येऊन खिडकीतून पाहावं. तास-दोन तास धीर धरावा. आपण झाडाखाली उभ्या राहिलो तर आई येणार नाही आणि आपण मात्र म्हणणार, "बघा, आलीच नाही!"

पंख फुटलेलं, डोळे उघडे असलेलं, तुरुतुरु उड्या मारणारं पिल्लू असेल, तर ते पडलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं. चिमणीचं पिल्लू साधारण दोन आठवड्यांचं झालं की घरटं सोडतं, बुलबुलाचं तर त्याहून थोडं आधीच. पुढचे काही दिवस जमिनीवर आणि झुडपांत धडपडत जातात आणि आईबाप मागं मागं फिरून भरवत असतात. अशा पिल्लाला रस्त्यावरून उचलून जवळच्या झुडपात किंवा फांदीवर ठेवावं. मांजर, कुत्रं कोंडावं. मुलांना आत बोलवावं. बस्स, एवढंच.

हे 'एवढंच' फार अवघड आहे, हेही मी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, पाचवीतला एक मुलगा टोपीत दयाळाचं पिल्लू घेऊन वर्गात आला. दयाळ तुम्ही ओळखत असाल. काळा-पांढरा, शेपटी वर उचलून चालणारा, उन्हाळ्यात पहाटे तारेवर बसून गोड शीळ घालणारा. पिल्लाच्या छातीवर तपकिरी खवले होते, पंख पुरते फुटलेले. मुलगा म्हणाला, "बाई, मी पाळणार. मी त्याला शेवया आणल्यात."

मधल्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. पिल्लू जिथं सापडलं त्या कुंपणात ते परत ठेवायला लावलं आणि आम्ही दोघं गोठ्याच्या दाराआड उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मलाच घाम फुटला. आणि मग नर दयाळ भिंतीवर आला, शेपटी उडवली, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली उतरून पिल्लाच्या चोचीत किडा कोंबून गेला.

मला वाटलं मुलगा हसेल. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "बाई, मग माझं काय?"

त्याच्या ह्या प्रश्नानं मी गप्पच झाले. आपल्यालाही हेच तर म्हणायचं असतं, नाही का? जीव लावावा, कुणीतरी आपल्यावर विसंबावं, ही भूक काही वाईट नाही. मी त्याला सांगितलं, "तुझं काम मांजर धरायचं." त्यानं ते मनावर घेतलं. तीन दिवस शाळा सुटली की काठी घेऊन तो गोठ्याच्या दारात बसे. चौथ्या दिवशी सांगत आला, की भिंतीवर बापामागं दोन पिल्लं दिसली. तिसरं होतं, ते दिसलं नाही. "ते मांजरानं नेलं का, बाई?" मला ठाऊक नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. पाखरांची सगळीच पिल्लं मोठी होत नाहीत. दोन झाली.

बिबट्यालाही तोच नियम

जुन्नर-आंबेगावच्या बायकांना ही गोष्ट पटायला जड जाऊ नये, कारण आपल्याकडे हाच नियम बिबट्याच्या पिल्लांनाही लावतात. ऊसतोड सुरू झाली, की उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी लोक ती उचलून आणत आणि मग चवताळलेली मादी त्या शिवारात फिरत राही. आता वनविभागाची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी जिथं सापडली तिथंच खोक्यात ठेवून कॅमेरा लावून लांब जातात. रात्री मादी येते आणि मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनविभागाबरोबर हे काम गेली कित्येक वर्षं करते आहे.

बिबट्याची भीती आपल्याकडे खोटी नाही. ज्या घरांनी माणसं गमावली त्यांना ती काय असते ते विचारावं. तरीही, किंवा म्हणूनच, पिल्लू आईकडे परत जाणं सगळ्यांच्या भल्याचं, हे इथल्या माणसांनी मान्य केलं. मग चिमणीच्या पिल्लाचं काय अवघड आहे?

खरोखर जखमी असेल तर

पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मांजरानं तोंडात धरलं असेल किंवा मांज्यात अडकलं असेल, तर मात्र वाट पाहू नये. मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी डॉक्टर गाठावा. मांजराच्या लाळेतले जंतू पाखराला एक-दोन दिवसांत मारतात.

पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्याला भोकं पाडावीत, तळाशी जुनं सुती फडकं अंथरावं, पाखरू आत ठेवून झाकण लावावं. अंधार आणि शांतता हे त्याचं पहिलं औषध. गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तर त्याला दूर सरकता येतं. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये, मुलांना दाखवू नये. खिडकीच्या काचेवर आपटून भोवंडलेलं पाखरू बहुधा एवढ्यानंच तासाभरात सावरतं. मग खोका परसात नेऊन उघडावा.

बाकीच्यांसाठी वनविभागाला कळवावं. १९२६ हा महाराष्ट्र वनविभागाचा मदतीचा फोन आहे. आपल्या भागात जुन्नर, ओतूर, मंचर आणि घोडेगाव इथं वनपरिक्षेत्र कार्यालयंही आहेत. बरं झालेलं पाखरू 'आता राहू दे आपल्याकडेच' म्हणून ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातला पोपट, साळुंकी, मुनिया पकडणं, विकणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बाजारात कुणी मुनियांचा पिंजरा घेऊन बसला असेल, तर 'विकत घेऊन सोडून देऊ' असंही करू नये. आपण चार घेतल्या की तो आठ पकडतो.

आणि संक्रांतीला नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नये. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. तरी कुठं कुठं तो मिळतोच. पतंगाचे पैसे आपल्याच हातून जातात, तेव्हा ही बंदी आपल्याच हातात आहे.

परसात पाखरं यावीत म्हणून

जीव लावायची हौस आहे ना, मग ती इथं भागवावी.

पाणी : मातीचा पसरट परळ घ्यावा, दोन इंचांहून खोल नको. मध्ये एक दगड ठेवावा, लहान पाखरं त्यावर बसून पितात. मांजराला दबा धरता येणार नाही अशी मोकळी जागा बघावी. पाणी रोज बदलावं आणि परळ घासून काढावा. नाही तर पाखरांना रोग आणि आपल्याला डास.

झाडं : जास्वंद आणि कर्दळ लावली की शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, येतोच. कडीपत्त्याची पिकलेली काळी फळं बुलबुल आणि कोकीळ आवडीनं खातात. ती तोडून टाकू नयेत. तुती, पेरू, पपई असेल तर वरची दोन फळं पाखरांची समजावीत. शिंपी पक्ष्याला शिवायला रुंद, मऊ पानं लागतात.

किडे : पानाला अळी दिसली की लगेच फवारणी, ही सवय सोडावी. सगळ्या अळ्या मारल्या तर पिल्लांना काय मिळणार? कोपऱ्यात पालापाचोळा राहू द्यावा. दयाळ तिथंच किडे शोधतो.

छाटणी : मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत वेली आणि झुडपं छाटू नयेत. छाटायचीच झाली तर आत घरटं नाही ना, हे आधी पाहावं.

घरट्याची पेटी : आमच्या जुन्या घरात तुळयांच्या खाचांत आणि भिंतीवरच्या तसबिरींमागं चिमण्या घरटी करायच्या. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींत तशी जागा उरली नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी हाक दिली आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. त्या दिवशी पेटी टांगायची असेल तर हे माप लक्षात ठेवावं. तळ पाच इंच चौरस, उंची आठ-नऊ इंच, आणि तळापासून पाच-सहा इंचांवर सव्वा इंचाचं गोल भोक. दयाळासाठी पेटी जरा मोठी आणि भोक दोन इंचांचं. आतून रंग देऊ नये, पुढं बसायला दांडी लावू नये. तिचा उपयोग कावळ्यालाच जास्त. आठ-दहा फुटांवर, सावलीत, पंख्यापासून लांब टांगावी. पहिल्या वर्षी कुणी फिरकलं नाही तर रागावून काढून टाकू नये.

आता मंचरच्या भगिनींना दोन शब्द. ताई, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाऊस कोसळत असताना भिजलेली पिल्लं उचलून ऊब दिलीत, तिथवर सगळं बरोबरच होतं. पाऊस ओसरल्यावर ती परत बाहेर ठेवायची असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. बुलबुलाची जोडी पिल्लं गेली म्हणून हंगाम सोडून देत नाही, बहुतेक वेळा ती पुन्हा घरटं करते. तेव्हा जास्वंद छाटू नका, तिच्याजवळ पाण्याचा परळ ठेवा आणि आणखी एक वळीव आलाच तर परडी, सुतळी आणि मूठभर वाळलं गवत हाताशी असू द्या.

दुसऱ्या पिल्लाचं काय झालं ते मला लिहा. गेलं असेल तरी लिहा.